हलकं रक्त

आळशी मना, घुमी मना, म्हैस मना, सारं आयकून घेतलं म्या. पन हलकं? हलकं आयकून घ्यायले काय छप्पन साली नागपूरले दीक्षा घ्यायले पांढरं लुगडं नेसून उन्हात उभी राह्यली होती मी?

सांगतो, आयका. भिलाईत सेक्टर सहामंदी आमचं क्वार्टर. माहा नवरा जानराव ब्लास्ट फर्नेसवर, लोखंडाच्या भट्टीवर. तिथं आगीपुढं उभा राह्यते बाप्पा, पन मायपुढं तोंड उघडाची हिंमत नाई. माय म्हंजे माही सासू, रुक्माबाई.

माह्या जीवाचं काही खरं नोतं. भर वैशाखात आंगावर चादर घ्यावी वाटे. सकाळी तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, केस मूठमूठ गळत. पाळीचा ठिकाना नाई, पोटी लेकरू नाई. सासूनं निकाल देऊन टाकला, "ही उणी आहे." भंडाऱ्याकडची पंचफुला नावाची पोरगी हेरली. रविवारी मायलेक तिले पाहाले जानार, अन मंग माही रवानगी माहेरी.

"मले पुसलं का कोनी?" म्या मनलं. जानराव आपला बूट पुसत राह्यला.

शेजारची कांता मले दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईनं गळा चाचपला, रक्त काढलं, तपासाले नागपूरले पाठवलं. रिझल्टच्या दिवशी सासू छत्री घेऊन संगं आली. पंचफुलेच्या घरी सांगाले तिले कारन पायजे होतं ना!

खिडकीत केवलराम कंपाउंडर बसला होता. कागद पाहून मनते, "बाई, तुम्हारा खून हलका निकला है."

माह्या डोक्यात सनक गेली. पन माह्या आधी सासूच पेटली. लहानपनी याच शब्दानं, हलक्या जातीची मनून, तिले गावच्या विहिरीवरून हाकललं होतं. तिनं छत्री खिडकीतून आत घातली. "किसका खून हलका रे? हमारे बहू का? बाहेर निकल, बताती हूँ!" केवलराम टेबलामागं दडला.

डॉक्टरीणबाई धावत आली. "अरे, लो लिखा है, लो! मतलब कम!" मंग तिनं आमाले बसवून सांगतलं. रक्त चांगलंच आहे. गळ्यात एक ग्रंथी असते, तिचा रस रक्तात जाते, तो कमी पडून राहिला. म्हनून थंडी, म्हनून सूज, म्हनूनच पाळी बिघडली. रोज एक गोळी घ्याची.

"और बच्चा?" सासूनं पुसलं.

"हो सकता है. पहले इसको तो ठीक होने दो."

मले वाटलं, झालं, मिटलं. कायचं मिटते! सडकेवर आल्याबरोबर सासू मनली, "म्हंजे कमीच आहे ना काहीतरी. रविवारी जाऊन येतो आमी."

मी तिथंच थांबली. "आत्याबाई, त्यानं हलकं मनलं तं तुमी छत्री उगारली. घरी तुमी मले रोज उणी मनता. तुमच्यावर कोनं उगारावी?"

सासूनं छत्री उघडून डोक्यावर घेतली. मले रडू आलं, पन ते रागाचं होतं. डोळे पुसले अन पुढं चालू लागली.

रविवारी सासू ठेवनीतलं लुगडं नेसली. जानरावनं बूट चढवले. म्या दोघाईच्या समोर गोळी घेतली, वरून पानी प्याली. मंग खिळ्यावरची छत्री काढून दारात उभी राह्यली अन सासूपुढं धरली.

"जा ना! पन पंचफुलेले सांगजा, पहिलीच्या गळ्यातला रस कमी आहे, रक्त नाई. अन पहिली या घरातून हालत नाई." मंग नवऱ्याकडं वळली. "अन तुमी वो? तुमाले तोंड आहे का नाई?"

जानरावनं एकडाव मायकडं पाह्यलं, एकडाव माह्याकडं. मंग खाली बसून बुटाच्या नाड्या सोडाले लागला.

सासूनं माह्या हातातून छत्री घेतली. मंग परत खिळ्याले टांगली.

"ऊन लय आहे," मनली. "पुढच्या रविवारी पाहू."

"पुढच्या बी नाई," म्या मनलं.