हवालदाराचं हसू

अंबिकेला भीती वाटली की हसू येई. थोडंथोडकं नाही, आधी नाकातून फुसफुस, मग पोट धरून खदाखदा. कॉलेजच्या तोंडी परीक्षेत हसली, तेव्हा मास्तरीणबाईंनी बाहेर काढलं. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर हसली, तेव्हा ते पोहे टाकून निघून गेले. पोरगी गुणाची होती हो, खोड तेवढी वाईट.

आणि आज झाशीच्या भर चौकात तिच्या आजोबांच्या पुतळ्याचं अनावरण! हवालदार नामदेव, झाशीतल्याच मराठी घरातले, मराठा पलटणीतले. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूची मशीनगन एकट्याने बंद पाडली आणि तिथेच पडले. मरणोत्तर वीरचक्र मिळालं. भाषण नातीनेच करायचं, असं जवळच्या बबीना छावणीतल्या कर्नलसाहेबांनी ठरवून टाकलं होतं.

"आज दात दिसले तर याद राख," आई प्रेमलाने सकाळपासून दहादा बजावलं. "माझ्या वडिलांची शोभा करशील!"

वडील गेले तेव्हा प्रेमला पाळण्यात होती. तिच्याजवळ होता तो एक फोटो आणि प्रशस्तिपत्रातला एक शब्द, निर्भय.  हवालदारांची बायको, हौसाबाई आजी, मात्र नुसती पदराशी चाळा करत बसून राहिली.

कर्नलसाहेबांनी दोरी ओढली. कापड सरसर उतरलं आणि पुतळ्याच्या मिशीला अडकलं. साहेबांनी हिसका दिला, सुभेदाराने काठीने ढोसलं, पण मिशी काही सोडेना. अंबिकेने ओठ दातांखाली धरला. अखेर कापड सुटलं, बँड वाजला आणि माईक तिच्यापुढे आला. समोर माणूसच माणूस.

"मेरे नाना," ती म्हणाली, "निडर..."

झालं! नाकातून फुसफुस आली आणि माईकने ती चौकभर पोचवली. मग पोरगी डोळ्यांत पाणी येईतो हसली. प्रेमलाने कपाळाला हात लावला.

तोच पहिल्या रांगेतून एक म्हातारा काठी आपटत उठला. आजोबांचे पलटणीतले सोबती, विठोबा.

"आरं, हा तर आमचा नाम्या हसतोय!" ते ओरडले. "घाबरला की असाच हसायचा गडी. त्या पहाटे बी हसत हसतच रांगत गेला. डोक्यावरनं गोळ्या, अन् ह्यो खदाखदा! समोरची बंदूक दमभर थांबली, म्हणाले असतील कोण येडा आला! तेवढ्यात ह्यानं हातगोळा टाकला." मग ते गर्दीकडे वळले. "निडर कसला? हम सब में सबसे डरपोक वही था, भैया. फिर भी गया."

"मंगलाष्टकांना बी असंच हसले होते," हौसाबाई हळूच म्हणाली. "भटजी रुसून बसले. पर सांगितलं तर वीरचक्राच्या बिल्ल्याला बट्टा लागंल, म्हणून गप राहिले मी."

प्रेमला लेकीकडे बघतच राहिली. ज्या हसण्यापायी तिने पोरीला उठताबसता बोल लावला, ते तिच्याच बापाचं होतं. तिचा जीव गलबलून गेला.

"अंबू," ती म्हणाली, "एकदा परत हस ना गं."

आता गंमत बघा. भीती पार पळाली होती, हसू यावं कुठून? अंबिकेने "हा हा" करून पाहिलं, पण ते शेंबड्या पोरालाही खरं वाटलं नसतं.

"बेटी, भाषण तो पूरा करो," कर्नलसाहेबांनी माईक पुन्हा पुढे केला.

अंबिकेने गर्दीकडे पाहिलं. पळालेली भीती धावत परत आली. आधी फुसफुस, मग खदाखदा! विठोबा हसले, हौसाबाई हसली, बँडवाल्यांच्या हातातली वाद्यं हलायला लागली. प्रेमला तेवढी हसली नाही. पुतळ्याला टेकून, डोळे मिटून ती ऐकत राहिली.