सवतीचा टाक

कुर्ला टर्मिनसवरून सुटलेल्या गाडीत वेसाव्याच्या दोन कोळणी समोरासमोर बसल्या होत्या. एक निघाली होती भावाला भेटायला आणि दुसरी नवऱ्याच्या नावानं आंघोळ करायला. माणूस एकच होता, आणि तो चांगला ठणठणीत जिवंत होता.

भावाला भेटायला निघालेली ती शकू. तिच्या मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी होती. भावाला लहानपणापासून आवडतात म्हणून तिनं ते स्वतः वाळवले होते. पनवेल यायच्या आत शेजारचं जोडपं नाकाला रुमाल लावून दुसरी जागा शोधायला उठून गेलं.

"बरा झाला. पाय तरी पसरू," शकू म्हणाली आणि तिनं पसरलेसुद्धा.

दुसरी तिची भावजय, कमळ. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. शकूला वाटत होतं, इतक्या वर्षांनी नवरा भेटणार म्हणून बिचारीचा जीव खालीवर होतोय. जीव खालीवर होत होता हे खरं, पण ते रागानं. घरातून निघाल्यापासून कमळ मनातल्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोकत होती.

अनंता घर सोडून गेला तेव्हा तेजल चार वर्षांची होती. रत्नागिरीच्या बंदरात एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून चाललो, दोन महिन्यांत येतो, असं सांगून तो गेला तो गेलाच. पहिलं वर्षभर कमळ तो बुडाला असं धरून रडली. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला तो वेड्यासारखी ओरडून, की माझा माणूस परत दे. मग एक दिवस गावातल्याच एका खलाशानं सांगितलं, की अनंताला आपण संगमेश्वरच्या बाजारात पाहिला, सोबत बाई होती आणि तो भजी खात होता. दर्याला उगाच शिव्या दिल्या याचं कमळला त्या दिवशी फार वाईट वाटलं. त्यानंतर ती रडली नाही. डोक्यावर पाटी घेऊन अंधेरीचे जिने चढली, पोरीला शिकवलं, आणि तिच्या पाठीशी उभा राहिला तो तिचा भाऊ श्यामसुंदर. तेजलला सायकल शिकवायला मामा, तापात दवाखान्यात न्यायला मामा, दहावीचा निकाल बघायला मामा.

आता तेजलचं लग्न ठरलं होतं. कन्यादानाला मामा-मामी बसणार हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. इतक्यात गावातल्या महिला मंडळाची सहल कोकणात गेली. तिथं माळावर म्हणे जुन्या काळचं एक अख्खं गाव वसवलंय, माणसांच्या पुतळ्यांसकट, आणि त्यातल्या कोळीवाड्यात जाळं विणत बसलेला पुतळा म्हणजे हुबेहूब अनंता! बायकांनी फोटो काढून आणले. शकूनं खटपट करून भावाचा फोन नंबर मिळवला, आणि फोनवर अनंता काय बोलला, तर, "पोरीचा बाप मी हाय. कन्यादान मीच करनार. सांग तिला."

सांग तिला! कशी आहेस, जिवंत आहेस की मेलीस, काही नाही. आयता मांडव, आयती पोर, आणि हा येऊन पाटावर बसणार.

नात्यातल्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली. शकूनं तर धोशाच लावला. आतासुद्धा रोह्याचा चहा पिताना तिनं तेच पुन्हा काढलं.

"तू मोठ्या मनाची, कमळ. सोता अक्षता घेऊन चाललीस. अगं, बापूस तो बापूस. तो जिता असताना मामा पाटावं बसला, तर लोकं तोंडात शेण घालतीन आपल्या."

"जिता असला तर ना, शकुताय," कमळ म्हणाली.

शकू हसली. तिला ती थट्टा वाटली.

कमळच्या पिशवीत अक्षता होत्याच, पण त्या शकूला गाडीत बसवण्यापुरत्या. खरी तयारी तिच्या डाव्या हातात होती. कोळ्यांची नवरी लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देते, की बाबा रे, माझ्या माणसाला सांभाळ. मग जन्मभर काचेच्या बांगड्या फक्त डाव्या हातात. कमळच्या डाव्या हातात त्या हिरव्या बांगड्या अजून होत्या. आज त्या पुतळ्याच्या पायावर आपटून फोडायच्या, कुंकू पुसायचं, चार लोकांसमोर त्याच्या नावानं ऊर बडवायचा, आणि हे सगळं त्याच्या सख्ख्या बहिणीच्या डोळ्यांदेखत. मग कोण म्हणतो बाप जिवंत आहे ते बघू. अनंता तिथंच राखणदारीला असतो असं कळलं होतं. असला तर उत्तमच. स्वतःचं मरण स्वतःच्या डोळ्यांनी बघेल.

गाडी बोगद्यामागून बोगदे मागे टाकत गेली. कमळनं डबा उघडला नाही. शकूनं दोघींचा खाल्ला.

स्टेशनवरून रिक्षा करून त्या माळावर पोचल्या. तिकीट काढून आत शिरल्या, तर खरंच गाव होतं. शेणानं सारवलेली अंगणं, कौलारू घरं, आणि जिथं तिथं रंगवलेली माणसं. कुंभाराचं चाक कधीचं थांबलेलं, आणि न्हाव्यापुढचं गिऱ्हाईक अर्धी दाढी करून जन्माचं बसलेलं. शकूला सगळ्याचं भारी कौतुक. प्रत्येक म्हातारीच्या पुतळ्यापाशी थांबून ती, "ही आपली जनाआय नाय गं?" असं विचारत होती. कमळ मात्र पाटी उतरवायच्या घाईत असल्यासारखी सरळ चालत राहिली.

कोळीवाडा अगदी टोकाला होता. समुद्र म्हणून सिमेंटचा एक हौद, निळा रंगवलेला, त्यात आंब्याची वाळकी पानं तरंगत होती. त्याच्या काठाशी तो होता.

तरणाताठा, काळाभोर, कानात बाळी, मांडीवर जाळं, ओठांत ते किंचित हसू. कमळला वाटलं होतं, बघताक्षणी अंगाचा तिळपापड होईल. तसा झालाच, पण निराळ्याच कारणानं. तिच्या हातांना मासळीच्या काट्यांनी घट्टे पडले, गुडघे गेले, केस पिकले, आणि हा मेला तिशीतला तो तिशीतच! पायाशी पाटी लावली होती: 'दर्यासारखाच इमानी असा कोकणचा कष्टाळू कोळी.' कमळनं ती दोनदा वाचली आणि डावा हात वर उचलला.

"ताई, हात नका हं लावू. रंग जातो, साहेब ओरडतात."

कोळ्याच्या घराच्या पडवीत एक बाई कोकम सरबताची बाटली घेऊन उभी होती. ठेंगणी, सावळी, हसऱ्या तोंडाची. कमळ काही बोलायच्या आत शकूनं तोंड उघडलं.

"अगं बाय, रंग कसला जातोय! माजा भाऊस हाय यो. अनंता."

बाईनं बाटली खाली ठेवली. "अगोबाई! म्हणजे तुम्ही शकुवन्सं?" आणि ती धावत येऊन शकूच्या पाया पडली. कमळच्याही पडली. मग दोघींना धरूनच पडवीत नेलं, सरबत दिलं, आणि तिचं तोंड जे सुरू झालं ते थांबेना. ती मीरा. अनंताची बायको. हा पुतळा केला तेव्हा ह्यांचाच चेहरा घेतला होता साहेबांनी. लग्नाला आम्ही येणारच आहोत, वन्सं. तेजलसाठी साडी घेतली आहे, मोरपंखी. बिन आईची पोर, तिला काही कमी पडायला नको.

शकूचा सरबताचा पेला हातातच राहिला. "बिन आयची?"

"हो ना." मीराचा आवाज हळू झाला. तिनं गळ्यातल्या मंगळसूत्रामागून काळ्या दोऱ्यातला एक चांदीचा पत्रा बाहेर काढला. अंगठ्याएवढा. त्याच्यावर बाईची ठसठशीत आकृती होती. "ही बघा. माझी सवत. दुसरेपणावर दिलं मला, तेव्हा आई म्हणाली, पहिलीचा टाक गळ्यात घातल्याशिवाय पोर देणार नाही. ह्यांनीच सोनाराकडून करून आणला. नवीन साडी आली की आधी हिला लावते, मग मी नेसते. तेजलची साडीपण हिला लावून ठेवली आहे. दर अविधवा नवमीला हिच्या नावानं सवाष्ण जेवायला घालते. कमळ नाव होतं. तापानं गेली म्हणे, पोर लहान असतानाच. पण भाग्याची हो. कपाळाला कुंकू घेऊन गेली."

हौदाच्या पलीकडे एका शाळेच्या बाई, ओळीत चला रे, म्हणून ओरडत होत्या.

कमळनं हात पुढे करून तो टाक बोटांत धरला. उजव्या हातात, नव्या बांगड्या कधीच चढल्या नव्हत्या त्या हातात. नवऱ्यानं जन्मात तिच्यासाठी घडवलेला हा एकुलता एक दागिना, आणि तोसुद्धा तिला मारून! आपण इथं त्याच्या नावानं बांगड्या फोडायला आलो. त्यानं आपल्याला सतरा वर्षांपूर्वीच सरणावर चढवून ठेवलंय. मेलेल्या बाईला विधवा कसं होता येणार? तिच्या अंगात असा संताप चढला, की तिला एकदम थंड आणि मोकळं वाटायला लागलं. कुंकू पुसायची आता काही गरज नव्हती. ऊर बडवायचीही नव्हती.

"ह्या कोण म्हणायच्या, वन्सं?" मीरानं विचारलं.

शकूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिनं तोंड उघडलं, पण कमळनं तिचं मनगट दाबलं.

"मी शेजारीण. हिला सोबत म्हणून आले. तुमचे हे कुठंयत? भेटून जाऊ."

मीरानं दारातूनच हाक मारली. अनंता आला. खाकी सदरा, गळ्यात शिटी, डोक्यावर टक्कल, पोट सुटलेलं. पुतळ्याच्या बाजूनं येताना दोघं शेजारी दिसले तेव्हा कमळला हसू येता येता राहिलं. त्यानं आधी बहिणीला पाहिलं आणि त्याचं तोंड फुललं. मग त्यानं कमळला पाहिलं. पडवीच्या पायरीवर ठेवलेला पाय त्यानं तसाच ठेवला, पुढेही घेतला नाही आणि मागेही नाही.

"अहो, वन्सं आल्या! आणि ह्या शेजारच्या," मीरा म्हणाली.

"ओळखलंत का?" कमळनं विचारलं. "वेसाव्याचीच मी."

अनंताचे ओठ हलले. "नाय... फार वर्षं झाली."

"फारच झाली. तुमची बायको गेल्याचं आता हिच्याकडून कळलं. वाईट वाटलं ऐकून. तापानं गेली ना?"

तो मीराकडे बघेना, बहिणीकडे बघेना. "हो."

"माझंही तसंच हो. माणूस ट्रॉलरवर गेला तो आलाच नाही. पोरीला मामानं वाढवली. आता तिचं लगीन आहे, तुमच्या पोरीच्याच मुहूर्तावर. आमच्यात कोणी कोणी म्हणतंय, बाप येईल, पाटावर बसेल. तुम्ही सांगा, तुम्ही शहाणे. मेलेली माणसं मांडवात येतात काय?"

पडवीत उकडत होतं. अनंताच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत आला. शकू काहीतरी बोलेल म्हणून तो वाट बघत होता. बापूस तो बापूस म्हणणारी बहीण! पण शकूनं पदरानं डोळे पुसले आणि ती भावाकडे अशी बघायला लागली, की जणू टोपलीतली मासळी खराब निघालीय.

"येतात काय?" कमळनं पुन्हा विचारलं.

"नाय," अनंता म्हणाला. "नाय येत."

"मोठ्यानं सांगा. शकुतायनं ऐकलं पाहिजे. गावात तिला सांगायचंय."

"नाय येत."

"झालं," शकू उठली. तिनं बोंबलांची पिशवी उचलून पुन्हा काखेला लावली. "पाटावं श्यामसुंदरच बसंल. चल, कमळ."

नाव निघून गेलं. शकूला कळलंसुद्धा नाही. कमळला कळलं. मीरा हसतच होती, पण आता नुसत्या ओठांनी. वेसाव्यात एका नावाच्या छप्पन्न बायका असतात, असं कमळला सहज म्हणता आलं असतं. जे न्यायला आली होती ते तिला मिळालं होतं. तेजलच्या मांडवाला आता धोका नव्हता. ही पोर साधी होती, आपल्या नावानं सवाष्णी जेवू घालणारी. गप्प राहून निघून गेलो तर तिचा संसार चालला असता.

आणि अनंताचाही चालला असता. तेवढ्यासाठी कमळ वळली.

"बाय, तू माझं फार केलंस," ती म्हणाली. "माझ्या आयनंसुद्धा एवढं केलं नसतं. पण तो टाक आता काढून ठेव. जित्या बाईचा टाक गळ्यात घालू नये, घालणारीला बाधतो."

मीरानं टाक मुठीत धरला. ती कमळकडे बघत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती.

"ह्या काय म्हणतात हो?" तिनं विचारलं.

एवढ्या मोठ्या माणसाला पळायला जागा नव्हती. मागं निळा हौद, पुढं दोन बायका. शाळेची पोरं त्याच्या पुतळ्याभोवती गोळा झाली होती आणि त्यांच्या बाई त्यांना पाटी वाचून दाखवत होत्या. मीरानं पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्यानं, आणि अनंताच्या तोंडाची कळाच गेली.

हेच बघायला कमळ जगली होती. ती पडवीच्या पायरीवर बसली आणि तिनं ते पोटभर बघून घेतलं. परतीच्या गाडीला अजून वेळ होता.