चार वाजताची गोळी

चाळीस वर्षं वॉर्डात काढली की माणसाचा चेहरा नंतर दिसतो. आधी दिसते त्याची जीभ, नखं, पाय ओढत चालतोय का ते. म्हणून या वृद्धनिवासात आल्या दिवशीच माझ्या छातीत धस्स झालं. दुपारचे साडेचार वाजले होते. बैठकीच्या खोलीत अठरा माणसं, आणि अठराच्या अठरा पेंगत होती. टीव्हीवरचा बातम्या देणारा तेवढा जागा होता.

"किती शांत आहे गं इथे," लेक म्हणाली.

महिनाभर राहून बघायचं, नाही रुळले तर घरी परत, असं आमचं ठरलं होतं. माझी लेक शब्दाची पक्की. तेव्हा मूग गिळून, डोकं ठिकाणावर ठेवून महिना काढायचा, एवढंच माझ्या हातात होतं.

शेजारच्या पलंगावर भूगोलाच्या बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, माझ्याच आठवड्यात आलेल्या. इथल्या चहाला त्या पुराचं पाणी म्हणायच्या. चार वाजता औषधांची ट्रॉली आली आणि मधे रेघ असलेली ती पांढरी गोळी मी बघताक्षणी ओळखली. आम्ही ती खवळलेल्या पेशंटला द्यायचो. माझी मी गालात धरून बेसिनमध्ये थुंकायचे. बाई बिचाऱ्या गिळायच्या. दहाव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "आपली शाळा किती वाजता सुटते?" बाराव्या दिवशी चमचा हातात धरून नुसत्या बघत बसल्या. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

रागात मी घोडचूक केली. त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी चार्ट लटकत होता. इतक्या वर्षांची सवय, हात शिवशिवले. चारचा डोस पेनाने खोडला, 'गुंगी जास्त, बंद करावा' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. सही अशी झोकात आली की क्षणभर मला फार बरं वाटलं.

रविवारी लेक आली तेव्हा निवासाच्या मुख्य बाईंनी तोच चार्ट टेबलावर ठेवला. आवाज अगदी मधाळ. "आजी स्वतःला सिस्टर समजतात."

"ती सिस्टरच होती," लेक म्हणाली. मला हायसं वाटलं.

"होत्या ना. पण अजून समजतात. दुसऱ्यांची औषधं बंद करतात, स्वतःची थुंकतात. सफाईवाल्या मावशींनी बेसिन दाखवलं मला. उद्या कुणाचं बरंवाईट झालं तर?"

"अगं, ते औषध कशाचं आहे ते विचार यांना," मी म्हणाले. "भूगोलाच्या बाईंना बघून ये जा. पंधरा दिवसांपूर्वी त्या..."

आवाज चढला. चढायला नको होता, हे मला चढतानाच कळलं. मुख्य बाईंनी नुसतं लेकीकडे पाहिलं. पेशंटच्या नातेवाइकांकडे मीही कितीदा तसंच पाहिलं आहे.

मुख्य बाईंनी माझ्या औषधाच्या संमतीचा कागद पुढे सरकवला. लेकीने तो वाचला, डोळे पुसले आणि सही केली. "थोडेच दिवस, आई. तू रुळलीस की बंद करणार आहेत." महिन्याचा विषय कुणीच काढला नाही.

डोस दुप्पट होता. पाण्याचा ग्लास लेकीने स्वतः धरला. "माझ्यासाठी घे," ती म्हणाली. ग्लास तिने माझ्या ओठांशी आणला, लहान मुलाला पाजतात तसा. ते मला बघवेना. मी दोन्ही गोळ्या गिळल्या, आणि तोंड उघडून दाखवलं.

ही गोळी चढायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ डोकं माझं होतं, आणि मला तिला खूप काही सांगायचं होतं, घराचं, तिच्या लहानपणाचं, माझा तिच्यावर राग नाही हेसुद्धा. "बस ना जरा," मी म्हणाले.

"उन्हं उतरायच्या आत निघते गं," ती पर्स खांद्याला लावत म्हणाली. "पुढच्या रविवारी निवांत बोलू."