नीलकर्ण गेले कुठे?

दहिसरला काशीरामांच्या हॉलचा ताबा दर रविवारी दुपारी त्यांची नात श्रुतिका घ्यायची. टेबलावर नकाशा, फासे, वेफर्स आणि भोवती तिचे मित्र. गोष्टीच्या खेळासाठी तिने एक अख्खं जग रचलं होतं आणि ही मंडळी चार वर्षं आपापली पात्रं घेऊन, फासे टाकत त्यात हिंडत होती. त्या रविवारी एक भिडू तापाने आडवा झाला, म्हणून त्याच्या खुर्चीत काशीरामांना बसवलं.

"आजोबा, हे नीलकर्णांचं शहर," श्रुतिका आवाज खोल करत म्हणाली. "निळ्या कानांचे तीस हजार लोक. तीन हजार वर्षांपूर्वी एका सकाळी सगळे गायब झाले. का, ते कोणालाच माहीत नाही."

"पोलिसात कोणी कळवलं नाही?"

"पुराण आहे ते, काका," वर्सोव्याचा विपुल म्हणाला. "त्यांचं गूढ उकलत नाही, हीच तर मजा आहे."

काशीरामांना यात काही मजा वाटेना. तीस हजार माणसं म्हणजे काय गंमत आहे? त्यांनी चष्मा लावला. "घरात काय काय सापडलं?"

"चुली पेटलेल्या. ताटं वाढलेली. दारं उघडी."

"आणि चपला?"

श्रुतिकाने वह्या चाळल्या. तिच्या तीन वह्यांत चपलांबद्दल अक्षरही नव्हतं. "चपला… नाहीत," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे आपल्या पायांनी गेले. आणि चूल पेटती ठेवून गेले, म्हणजे लगेच परत यायचं होतं."

स्वयंपाकघरातून प्रेमाआजींनी विचारलं, "हंडे आसत काय गो घरात?"

मुलुंडच्या निशाने उत्साहाने फासा टाकला आणि घरं तपासली. एकाही घरात हंडा नव्हता.

"मग टँकर इलो असतलो," आजी म्हणाल्या आणि पुन्हा कांदा चिरायला लागल्या.

श्रुतिकाचा चेहरा पडला. तिने या गूढावर कविता केल्या होत्या. "आजी, त्या जगात टँकर नसतात गं."

"पाणकासव आहे ना पण," विपुल हळूच म्हणाला. "पाठीवर तळं घेऊन फिरणारं. तूच सांगितलेलंस."

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. सगळे कासवाच्या मागे लागले. सात डोंगर ओलांडल्यावर ते दिसलं. रमतगमत चाललेलं प्रचंड कासव आणि मागे हंडे घेतलेले तीस हजार नीलकर्ण. तीन हजार वर्षं कोणी घरी परतलं नव्हतं, कारण कासव इतकं हळू चालत होतं की प्रत्येकाला वाटायचं, आता थांबेल.

"मी पुढे जाऊन त्याला अडवतो," काशीराम म्हणाले. फासा पडला जेमतेम दोनचा. कासव त्यांना बाजूला सारून पुढे गेलं.

काशीरामांनी मान हलवली. चाळीत असताना अकरा वर्षं नळावरची लाइन त्यांनीच लावली होती. "मग मी रस्त्याच्या कडेला माझा हंडा ठेवतो आणि त्याच्यामागे उभा राहतो. बस."

श्रुतिकाने फासा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"एक म्हातारी नीलकर्ण येते," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या मागे हंडा ठेवते. मग तिची मुलगी. मग शेजारी. आजोबा, या लोकांनी लाइन कधी बघितलीच नव्हती." तिने नकाशावर बोट ठेवलं. "कासव मागे वळून बघतं. आणि थांबतं."

विपुलने नाक पुसलं आणि वेफर तिखट असल्याचं सांगितलं.

चहा येईपर्यंत पाणी वाटप चाललं. घरटी दोन हंडे, लहान मूल असेल तर तीन, असं काशीरामांनी ठरवलं. मग नीलकर्णांचा राजा पुढे आला आणि मला पाच हवेत म्हणाला.

"तुम्हाला मूल आहे?" काशीरामांनी विचारलं.

"नाही," राजाच्या वतीने श्रुतिका म्हणाली.

"मग दोनच. आणि मागे जा, लायनीत."

राजाने तलवार उपसली. श्रुतिकाने लढाईसाठी फासा आजोबांपुढे सरकवला. निशाने आपली खुर्ची उचलून त्यांच्या बाजूला आणून ठेवली.