नाव नसलेल्यांचा मतदारसंघ

कूम एर्विनच्या खोऱ्यात माणसाला आडनावाने कोणी ओळखत नाही. आडनावं मुळात मोजकी, आणि एकेका गल्लीत चार-चार इव्हान्स. त्यामुळे धंद्यावरून हाक मारायची. दूध घालतो तो जोन्स दूध, मयताचं बघतो तो इव्हान्स शवपेटी. एल्वेड प्रॉसरला सगळं खोरं एल्वेड वोट म्हणायचं. खाण चालू होती तोवर तो खाणीत उतरत होता, पण पोट खाणीवर आणि जीव निवडणुकीवर अशी त्याची तऱ्हा. लेबर पक्षाचा तो तिथला एजंट. मतदानाच्या दिवशी कोणाचा गुडघा धरलाय, कोणाला गाडी पाठवायची, कोणती म्हातारी शेजारणीशी भांडण आहे म्हणून तिच्यासोबत गाडीत बसणार नाही, हे त्याला तोंडपाठ.

खरं तर एवढ्या आटापिट्याची तिथे गरजच नव्हती. पक्षाची लाल फीत लावून दगड उभा केला असता तरी निवडून आला असता. कामगारांच्या इन्स्टिट्यूटमध्ये आजवरच्या खासदारांचे फोटो लावलेत. इतर ठिकाणी भिंती पुरत नाहीत; इथे ऐंशी वर्षांत चारच. पहिला दाढीवाला, खाणीत काम करून रविवारी चॅपलमध्ये प्रवचन देणारा. दुसरा कामगारांच्या बाजूने कोळशाच्या वजनावर नजर ठेवणारा. तिसरा शाळामास्तर. चौथा अजून हयात होता, पण खुर्चीत बसला की उठवायला माणूस लागायचा. एका वर्षी साऱ्या देशाने पक्षाकडे पाठ फिरवली, तेव्हा कूम एर्विनमध्ये समोर उभं राहायलाच कोणी तयार होईना आणि खासदार बिनविरोध गेला. त्या दिवशी एल्वेडचे वडील रडले होते म्हणतात. आनंदाने नव्हे, मत द्यायचं राहिलं म्हणून.

अशा घरात वाढलेल्या माणसाच्या हातून पुढचा प्रकार घडावा, याला काय म्हणावं?

मग ती डोईपट्टी आली. पोल टॅक्स. टेकडीवरच्या बंगल्यातल्या साहेबाने जेवढं भरायचं तेवढंच खाण बंद पडून घरी बसलेल्या माणसाने भरायचं, आणि तेही घरातल्या प्रत्येक डोक्यामागे. खोरं पेटून उठलं. सभा झाल्या, बॅंड लावून मोर्चे निघाले. पण मोर्चाने पट्टी टळत नव्हती, आणि लोकांच्या लवकरच ध्यानात आलं की कौन्सिल माणसं हुडकतं ते मतदार यादीवरून. शरद ऋतूत यादीचा फॉर्म घरोघर आला तेव्हा एल्वेडही घरोघर गेला. दार पुढे ओढून घेत हळूच सांगायचा, "शेगडीत टाक. भरू नकोस."

"अरे, पण मत?" एखादा विचारायचा.

"आपल्याकडे मतांचा दुष्काळ कधी पडलाय? चार पोरांनी नाही दिलं तर काय आभाळ कोसळतं?"

हे बोलायला ज्याने उभ्या आयुष्यात पराभव पाहिलेला नाही असाच माणूस लागतो. शेजारच्या मतदारसंघात, जिथे शे-दोनशे मतांवर जागा इकडची तिकडे होते, तिथल्या एजंटाची जीभ झडली असती. एल्वेडला मात्र मतांचा ढिगाराच ठाऊक होता, आणि ढिगाऱ्यातून मूठभर काढलं तर कोणाला कळतं, असा त्याचा हिशेब. स्वतःचं नाव त्याने यादीत ठेवलं, कारण एजंटाचं नाव नसून कसं चालेल? त्याने पट्टी गुपचूप भरली आणि त्याची त्याला लाज वाटत राहिली.

पुढच्या निवडणुकीत ढीग थोडा खचला, पण जागा आली. मतदानाच्या दिवशी भोंग्याची गाडी घेऊन तो बहिणीच्या घरावरून गेला. नेस्टा त्याची धाकटी बहीण, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन कर्ते मुलगे अजून तिच्यापाशीच. वयात आल्यापासून एकही मतदान न चुकवलेली ही बाई, आता यादीत नाव नसल्याने, पडद्याआड उभी होती. "बाहेर पडा, मतदान करा," असं भोंग्यातून तोच ओरडत होता. पडदा हलला आणि एल्वेडने मान दुसरीकडे वळवली.

पट्टी शेवटी रद्द झाली. लोक म्हणाले, जिंकलो. थकबाकीची वसुली मात्र रद्द झाली नाही, आणि यादीतून एकदा गेलेली नावं भीतीपोटी परत आली नाहीत. मग एक दिवस सरकारी नोटीस लागली: मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखायच्या आहेत, आणि कूम एर्विनमध्ये मतदार फार कमी उरलेत. खोऱ्याचा वरचा भाग डोंगरापलीकडच्या मेंढपाळांच्या मतदारसंघाला जोडायचा, खालचा किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्या शहराला. कूम एर्विन हे नाव संसदेतून पुसलं जाणार. हरकती असतील त्यांनी नगरभवनातल्या सुनावणीला यावं.

एल्वेडने नोटीस दोनदा वाचली. नावं कोणी खाल्ली होती ते त्याला नेमकं माहीत होतं.

सुनावणीच्या आधीच्या दुपारी तो नेस्टाकडे गेला. ती लोखंडी तव्यावर मनुका घातलेले केक भाजत होती.

"खा गरम गरम," ती म्हणाली. "आणि तोंड सरळ कर. मयताला आल्यासारखा बसलायस."

"मयतच आहे ग. उद्या."

"मग सांग ना त्यांना सरळ. माणसं आहेत, कुठे पळून नाही गेली, म्हणावं."

"आहेत तर यादीत का नाहीत, असं विचारतील."

"तेही सांग."

"नेस्टा, वेड लागलंय का तुला? मागच्या ओळीत लेटन पट्टी बसलेला असणार." लेटन प्यू हा कौन्सिलचा वसुली अधिकारी. सुनावणीशी त्याचा काही संबंध नव्हता, पण थकबाकीदारांचा वास लागला की लेटनसाहेब यायचेच. "मी तोंड उघडलं की सोमवारी त्याची माणसं दारात. बेनन मावशीचं काय केलं, विसरलीस?"

ते कोणी विसरलं नव्हतं. जप्तीवाल्यांनी बेनन मावशीचं कपबशांचं कपाट उचललं, तेव्हा त्यातली चिनी मातीची भांडी एकेक करून पायरीवर मांडून ठेवली होती. मावशी त्यांना सांगत होती, निळ्या कडांची जरा जपून, ती आईची आहेत.

नेस्टाने केक उलटला. "तू म्हणालास म्हणून फॉर्म शेगडीत टाकला, दादा. मी काही बोलले का तुला? पण खोरं गेलं तर मला चालायचं नाही. आपल्या बाबांनी..."

"बाबांचं नाव काढू नकोस."

"बरं, नाही काढत."

"उद्या घरीच बस. मी इतिहासावर बोलेन. फोटो, पहिला खासदार, बिनविरोधची निवडणूक, सगळं सांगेन. बघू."

"घरी बसून काय करू? सरकारच्या हिशेबाने मी घरातही नाही," नेस्टा म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली. एल्वेडला हसू आलं नाही. त्याने आणखी एक केक खाल्ला, तोही न चावता.

नगरभवन खच्चून भरलं होतं. सुनावणी घ्यायला ऑर्मरॉड नावाचे वकील आले होते, दूरचे, पण सभ्य माणूस. कूम एर्विनचा उच्चार त्यांनी प्रयत्नपूर्वक नीट केला, त्यामुळे लोकांना त्यांच्यावर धड चिडताही येईना. मागे, दाराजवळ, मांडीवर वही ठेवून लेटन प्यू बसला होता. खोऱ्यातल्या पुरुषांच्या गायकमंडळाने मधल्या दोन रांगा धरल्या होत्या आणि त्यांच्याच पुढे नेस्टा, चॅपलचा हिरवा कोट घालून.

एल्वेड छान बोलला. हे त्याचे शत्रूही कबूल करतील. संप, खाणीतला स्फोट, त्या वर्षी उपाशीपोटी मतदानाला रांग लावलेले लोक. चारही खासदार त्याने डोळ्यांपुढे उभे केले. मेंढपाळांशी आमचं वैर नाही, तो म्हणाला, पण त्यांना पावसाची काळजी आणि आम्हाला छातीत बसलेल्या कोळशाच्या धुळीची. एकच खासदार दोघांसाठी एकाच तोंडाने काय मागणार? ऑर्मरॉड लिहून घेत होते. एल्वेडला क्षणभर वाटलं, जमतंय.

"आभारी आहे, मिस्टर प्रॉसर," ते म्हणाले. "फार मनापासून सांगितलंत. एकच विचारतो. गेल्या काही वर्षांत तुमच्या यादीतली नावं एकदम घटली. खाण बंद झाली, म्हणून माणसं बाहेर गेली असतील, असं मी समजू का?"

काय सोपा प्रश्न होता! नुसतं 'हो' म्हटलं की लोक वाचले. पण खोरं ओस पडल्याचं एजंटाच्याच तोंडून नोंदलं गेलं असतं. 'नाही' म्हटलं तर मागच्या ओळीतली वही उघडली असती. एल्वेडने पाण्याचा पेला उचलला, ठेवला. ज्याच्या बोलण्याने आजारी माणूसही उठून मतदानाला जायचा असं लोक म्हणत, तो माणूस माइकसमोर नुसता उभा राहिला.

"मिस्टर प्रॉसर?"

"आम्ही कुठेही गेलेलो नाही!"

गायकमंडळातला टुडर उठला होता. त्याला टुडर खर्ज म्हणत, आणि तो आवाज नगरभवनाच्या काचांना जाऊन भिडला. "मी इथेच आहे. जन्मापासून. यादीत नसेन, पण इथे आहे."

"टुडर, खाली बस," एल्वेड पुटपुटला. माइकने ते सगळ्यांना ऐकवलं.

पण गायकमंडळाची एक खोड आहे. चॅपल असो की स्पर्धा, एक उठला की त्याच्या शेजारचा उठतो. कोणाला सांगावं लागत नाही. दोन्ही रांगा उभ्या राहिल्या. मग त्यांच्या बायका. मग भिंतीला टेकलेली तरुण पोरं टोप्या काढून ताठ झाली. बेकरीवाला, लायब्ररीतली बाई, ज्यांच्या ज्यांच्या दारात एल्वेड हळू आवाजात बोलून गेला होता ते सगळे. खुर्च्यांचा आवाज थांबेचना. सगळ्यांचे चेहरे असे उजळलेले, की जणू हे आधीच व्हायला हवं होतं. लपून राहण्याचा त्यांना किती कंटाळा आला होता, ते एल्वेडला तेव्हा कळलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बसा रे!" तो म्हणाला. "पाया पडतो तुमच्या, खाली बसा!"

कोणी बसलं नाही. त्यांना वाटलं, भरून आल्यामुळे तो काहीबाही बोलतोय.

ऑर्मरॉडांनी चष्मा काढला. तेही गलबलले होते, हे खोटं नाही. "मला दिसताय तुम्ही," ते म्हणाले. "सगळे दिसताय. पण मला माणसं मोजायचा अधिकार नाही. कायद्याने मी फक्त यादीतली नावं मोजू शकतो, आणि तीही ठरवून दिलेल्या तारखेची. ती तारीख गेली. तुम्ही आज नावं घातलीत तरी या कामी उपयोग नाही. मला वाईट वाटतं."

"म्हणजे हे धरणारच नाही?" टुडरने विचारलं.

"नाही धरता येत मला."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मागे दाराजवळ दुसऱ्या पेनाचं टोपण निघालं. लेटन प्यू घाई न करता एकेक पाठमोरा माणूस बघत लिहू लागला. बहुतेकांना तो नावानिशी ओळखत होता. याच खोऱ्यातल्या शाळेत शिकला होता तो. हिरव्या कोटाशी मात्र त्याचं पेन अडलं. त्याने शेजाऱ्याला विचारलं, आणि आता शांत झालेल्या सभागृहात ते पुढपर्यंत ऐकू गेलं, "ही हिरव्या कोटातली कोण?"

शेजारी खिडकीबाहेर बघू लागला. पण नेस्टाने ऐकलं होतं. ती वळली. मतदान केंद्रावर टेबलाशी गेलं की आपलं नाव आणि पत्ता मोठ्याने सांगायचा असतो, आयुष्यभर ज्या आवाजात तिने तो सांगितला होता त्याच आवाजात ती म्हणाली, "नेस्टा हॅविड. चार, चॅपल टेरेस."

लेटनने ते लिहून घेतलं. "आणि घरात मोठी माणसं?"

"तीन. मी आणि माझे दोन मुलगे. दोघांची नावं पण घे."

तिला थांबवायला एल्वेडने माइक सोडून दोन्ही हात वर केले, हलवले, जोरजोरात मान हलवली. नेस्टाने भावाकडे पाहिलं. तिला वाटलं, तो शाबासकी देतोय. ती हसली, आणि मुलांची नावं सावकाश, नीट सांगू लागली.