खोक्यावरचा छप्पन

मित्रांनो, टेबलाखाली धूळ खात पडलेला हा काळा डबा म्हणजे मी, एक जुना मोडेम. फोनच्या तारेतून आलेला आवाज संगणकाला कळेल असा करून देणे हे माझे काम. १९९९ साली इंद्रजितने मला सांगलीहून जतजवळच्या आपल्या घरी आणले. तेव्हा माझे कोण कौतुक झाले!

माझ्या खोक्यावर छप्पन हा आकडा होता. सेकंदाला छप्पन हजार बिट ही माझी जास्तीत जास्त ताकद, आणि तीही तारेत खरखर नसेल तरच. प्रत्यक्ष वेग जोडणी झाल्यावर पडद्यावर दिसे. शिवाय फोटो मोजतात बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा होतो एक बाइट. म्हणजे दिसेल त्या आकड्याला आठाने भागायचे, त्याहून जास्त हाती येत नाही. पण खोके वाचून सगळे खूश होते.

इंद्रजितचे वडील बिराप्पा अंथरुणाला खिळले होते. मस्कतला नोकरी करणाऱ्या थोरल्या मुलाला, ज्योतिबाला, मुलगी झाली. त्याने तिचा फोटो ईमेलने पाठवला. पडद्यावर आकडा आला चौदा हजारांचा. बिराप्पांच्या डोळ्यांसमोर फोटो वरून खाली उतरू लागला. कपाळ आले, डोळे आले आणि जोडणी तुटली. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले.

"नातीचं तोंड कवा दिसायचं रं?" बिराप्पांनी विचारले.

"ह्यो डबाच फसवा हाय, आबा. सांगलीला जाऊन बदलून आणतो," इंद्रजित म्हणाला.

त्याच्या बायकोने, राणीने, फोन कानाला लावला. "आवं, फोनात बी लय खरखर हाय. आदी तार बघा की."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

राणीने फोन खाली ठेवला. मला फार वाईट वाटले. कारण तिचे खरे होते. खांबावरून घरात येणाऱ्या त्या तारेवर इंद्रजितच्या आई, हरणाबाई, धुतलेली घोंगडी वाळत घालत. मेंढरामागे आयुष्य गेलेल्या घरात घोंगडे ओले ठेवत नाहीत, आणि अंगणात दुसरी दोरी नव्हती. ओल्या लोकरीच्या ओझ्याने तारेचा जोड सैल झाला होता.

सांगलीच्या दुकानात मी चव्वेचाळीस हजारांवर जोडला गेलो. डबा चांगला आहे म्हणत दुकानदाराने मला परत पिशवीत घातले. आम्ही घरी पोचलो तेव्हा अंगणात माणसे जमली होती. बिराप्पा गेले होते.

दिवसकार्य झाल्यावर राणीने लाइनमन बोलावून जोड घट्ट करून घेतला. त्याच दुपारी फोटो पूर्ण उतरला. हरणाबाई पडद्याजवळ आल्या.

"हसतीया की गं," त्या म्हणाल्या. "त्यास्नी नुस्तं डोळंच दिसलं."

इंद्रजितला मान वर करवेना.

मित्रांनो, वेग कमी दिसला तर यंत्राला बोल लावण्याआधी आकड्याचा अर्थ समजून घ्या, तार पाहा. आणि घरातले कोणी खरखर ऐकू येते म्हणाले, तर फोन एकदा स्वतःच्या कानाला लावा. बिराप्पांना तो एकच फोटो पाहायचा होता.