दाजी भिंतीत गेले

किल्ल्याच्या दुसऱ्या दालनात दाजी भिंतीवरच्या चित्रात जाऊन बसले. चित्र मेजवानीचं होतं. सरदार, बायका, शिकारी कुत्री आणि मधोमध भाजलेला मोर. दाजींनी नेहमीप्रमाणे कुणालाही न विचारता यजमानाशेजारची खुर्ची ओढली आणि टेबलावर कोपर टेकलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान शशिकांत आरवाडे. सांगलीला त्यांचा हळदीचा व्यापार. पार्माजवळच्या टेकडीवरचा हा किल्ला दाखवायला त्यांना मीच आणलं होतं, कारण मी कोल्हापूरला कलेचा इतिहास शिकवतो आणि अक्काला एकदा इटली बघायची होती. फाटकापासून दाजींचं एकच चाललं होतं, आपल्या पन्हाळ्यापुढे हे काय नि ते काय. जिना चढताना अक्का धापा टाकायला लागली, तेव्हा चार परक्या माणसांदेखत त्यांनी तिला झापलं. अशा माणसाला कुठली भिंत आत घेईल असं मला वाटलं नव्हतं. पण भिंतींना तरी कुठे अभिरुची असते.

दाजींना जागा व्हावी म्हणून त्या खुर्चीतला माणूस खाली उतरला. लाल तंग विजार, टोकदार दाढी, अंगाला ओल्या चुन्याचा वास. त्याने अक्कापुढे कमरेत वाकून नमस्कार केला आणि तिची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली. कोपऱ्यात देखरेखीची बाई विणत बसली होती. आमचा एक माणूस आत गेलाय, असं मी तिला सांगितलं. तिने भिंतीकडे पाहिलं, दाढीवाल्याकडे पाहिलं आणि म्हणाली की संख्या बरोबर आहे, पुढचं दालन डावीकडे.

"दाजी, उतरा," मी म्हणालो.

दाजींनी मोराची तंगडी मोडून तोंडात घातली. "मीठ कमी आहे," ते म्हणाले.

आम्ही पार्माला निघालो. गाडी मी चालवत होतो. अक्का मागे बसली आणि दाढीवाला तिच्या शेजारी. तिने त्याला डब्यातली चकली दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि जपून खिशात ठेवली. अक्का हसली. मला तो माणूस पहिल्यापासून आवडला नाही. शतकानुशतकं मेजवानीत बसून ज्याच्यापाशी सांगायला एक गोष्ट नाही, त्याचं काय कौतुक करायचं? एका वळणावर तो खिडकीकडे वळला, तेव्हा आरशात मला सीटवर फक्त एक उभी रेघ दिसली.

"अक्का, हा सपाट आहे," मी म्हणालो.

"समोरून बघितलं की झालं," ती म्हणाली.

शहरातल्या चित्रसंग्रहालयात दाजी आमच्या आधी पोचले होते. आता ते पूर्ण उंचीचे होते, चिलखत घालून, एक हात नकाशावर ठेवून उभे. ज्याचं ते चित्र होतं तो उमराव खाली बाकावर पाय चोळत बसला होता, त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. चित्रासमोर विद्यार्थ्यांचा घोळका होता. त्यांच्या बाई दाजींच्या नजरेतल्या संयमाबद्दल आणि खोल दुःखाबद्दल बोलत होत्या. ती नजर मला चांगली ठाऊक होती. जेवायला वाढायला उशीर झाला की दाजी असेच बघतात. मी बाईंना सांगितलं की हा माणूस हळद विकतो आणि याने जन्मात एक पुस्तक उघडलेलं नाही. बाईंनी आभार मानले आणि विद्यार्थ्यांना पिवळ्या रंगाचं कारण समजावून सांगितलं.

कॅथेड्रलसमोरच्या चौकात अक्का पायऱ्यांवर टेकली. तिने मला शांतपणे सांगितलं की ती आता सांगलीला येणार नाही, दाढीवाल्याबरोबर इथेच राहणार. दाजींचं काय करायचं ते मी बघावं. मला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. तिच्या लग्नाच्या मांडवातच मी दाजींना जोखलं होतं. पण त्यांना सोडून ही निघाली होती कुणाबरोबर, तर एका गिलाव्याच्या पोपड्याबरोबर. तुझी निवड कायमच हलकी, असं मी तिला म्हणालो. दाढीवाला हे ऐकून अदबीने हसला.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. "पदू," ती म्हणाली, "तुला आजवर कुणीच आवडलं नाही रे."

मग ती उठली, कारण तिला दाजींचा निरोप घ्यायचा होता.

आत दाजी कॅथेड्रलच्या घुमटात होते. सगळ्या घुमटात तेच होते. ढगांना रेलून, पाय खाली सोडून बसले होते. त्यांनी हाकललेले देवदूत आणि संत खाली बाकांवर दाटीवाटीने बसून जांभया देत होते. पर्यटक माना वर करून फोटो काढत होते, आणि एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या बाईची मला कीव आली.

"अहो, मी निघाले," अक्का म्हणाली.

"माझ्या गोळ्या कुठे ठेवल्यास?" वरून दाजी म्हणाले.

"पदूकडे."

तिने पिशवीतून रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट काढलं, माझ्या खिशात घातलं आणि माझा खांदा थोपटला. लहानपणी मला शाळेत सोडून जाताना ती असंच करायची. कॅथेड्रलचं दार आता अरुंद फटीपुरतंच उघडं होतं. दाढीवाला आडवा होऊन सहज गेला. अक्काही आडवी झाली आणि गेली, आणि तेव्हा मला कळलं की तीही बाजूने जवळजवळ दिसत नाही. मी धावत दाराशी पोचलो. त्या फटीतून माझा फक्त हात बाहेर गेला. बाहेर कुणीतरी, बहुधा अक्काच, तो क्षणभर धरला. मग सोडला.

मी मागे वळलो तेव्हा घुमट खाली यायला लागला होता. कुणी ओरडलं नाही. देवदूतांनी पंख मिटले आणि ते भिंतीच्या कडेने उभे राहिले. पर्यटक खाली वाकले आणि वाकूनच वाखाणत राहिले. हळूहळू सगळे सरकले आणि मधोमध मी एकटा उरलो. मी वाकलो नाही. एका भोंगळ माणसाच्या भल्यामोठ्या चित्रापुढे मी कशाला वाकू? एका पाद्र्याने मला हाताने खूण केली, जरा डावीकडे. मी डावीकडे सरकलो. त्याने मान डोलावली.

दाजींच्या पायाचा तळवा माझ्या डोक्यावर टेकला. तो ओला आणि गार होता. छत पेलणाऱ्या दगडी यक्षासारखे मी दोन्ही हात वर केले आणि त्यांचा घोटा धरला. माझ्या मानेत काहीतरी नीट जागेवर बसलं.

"पदू, हलू नकोस," दाजी म्हणाले, आणि त्यांनी दुसरा पाय उचलला.